मामा, पाव आणि डॉग : सारख्या उच्चारांचे वेगळे जन्म

मराठीतील ‘बस’ हा दोन अक्षरांचा उच्चार तीन वेगवेगळ्या वाटांनी या भाषेत आला असून, तिन्ही शब्द रोजच्या बोलण्यात एकमेकांशेजारी वावरत असले तरी त्यांचा परस्परांशी जन्माचा संबंध नाही. ‘खाली बस’ या आज्ञेतील क्रियापद संस्कृतातील ‘उपविश्’ या धातूपासून प्राकृतातून झिजत आले आहे आणि संतसाहित्यात आढळणारे ‘बैसणें’ हे त्या प्रवासातील मधले रूप आहे. ‘आता बस’ म्हणजे ‘आता पुरे’ या अर्थाचा शब्द फारसीकडून आला. रस्त्यावर धावणारी बस इंग्रजीतून आली खरी, पण इंग्रजीतही ती ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचे तुटलेले शेपूट म्हणूनच अस्तित्वात आली होती. ‘ऑम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातील ‘-बस’ हा केवळ चतुर्थी विभक्तीच्या अनेकवचनाचा प्रत्यय असून त्याला स्वतःचा असा काहीच अर्थ नाही. १८२६ मध्ये फ्रान्समधील नांत शहरात आणि त्यानंतर लवकरच पॅरिस व लंडन येथे सुरू झालेल्या, कोणीही बसावे अशा घोडागाड्यांना हे नाव पडले, ते बोलण्यात आखूड झाले, आणि १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली मोटारबस धावली तेव्हा एक लॅटिन विभक्तिप्रत्यय मराठीत स्त्रीलिंगी नाम म्हणून नांदू लागण्याची वाट मोकळी झाली.

अशा शब्दांना समोच्चारी शब्द म्हणतात, म्हणजे ज्यांचा उच्चार एक पण मूळ आणि अर्थ वेगळे असे शब्द. एकाच भाषेत ते आढळले की वाचकाला त्यांचे वेगळेपण सहज पटते, कारण अर्थांमधील अंतर त्याला अनुभवाने ठाऊक असते. परंतु दोन दूरच्या भाषांत सारखा उच्चार सापडला, आणि त्यात अर्थही थोडाफार जुळला, तर त्याच वाचकाच्या मनात लगेच नात्याची कल्पना उभी राहते. ही कल्पना कधी खरी ठरते आणि कधी खोटी, हे ओळखण्याची रीत भाषाशास्त्राने गेल्या दोन शतकांत फार कष्टाने घडवली आहे, आणि ती रीत समजून घेतल्याशिवाय शब्दांच्या इतिहासाविषयी बोलणे म्हणजे नुसता अंदाज बांधणे होय.

‘पाव’ हा शब्द या दृष्टीने विशेष बोधक आहे. ‘पाव किलो’मधील पाव संस्कृत ‘पाद’पासून आला आहे, पशूच्या चार पायांपैकी एक म्हणजे चौथा हिस्सा, असा तो अर्थ विकसित झाला. ‘देव पावला’मधील क्रियापदाचे मूळ ‘प्र’ आणि ‘आप्’ यांच्या संयोगात आहे. भट्टीतून निघणारा पाव मात्र पोर्तुगीजांनी आणला, आणि त्यांच्या भाषेत भाकरीला असलेला, शेवटी नाकातून उच्चारला जाणारा शब्द लॅटिन ‘पानिस’पासून निघालेला आहे. तरीही, पूर्वी पीठ पायांनी तुडवत असत म्हणून पाव, किंवा लादीचे चार भाग होतात म्हणून पाव, अशी स्पष्टीकरणे आजही सांगितली जातात. अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचा अर्थ चिकटवणाऱ्या अशा स्पष्टीकरणाला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती चूक आहे हे केवळ पोर्तुगीज शब्द दाखवून सिद्ध होते असे नाही, तर जपानी भाषेच्या साक्षीने ते अधिक ठामपणे सिद्ध होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी जपानला पोहोचले आणि तेथेही भाजलेल्या पावाला त्यांचाच शब्द रूढ झाला. जपानी लोक आजही पावाला ‘पान’ म्हणतात. जपानीत ‘पान’ म्हणजे पायही नाही आणि चौथा हिस्साही नाही. म्हणून पदार्थ आणि नाव ही दोन्ही एकाच हाताने गोव्यात आणि जपानात उतरली, हेच स्पष्टीकरण उरते. मराठी ‘पाव’ आणि जपानी ‘पान’ हे अशा रीतीने खरोखर एकच शब्द आहेत, तर जपानी ‘पान’ आणि ‘पर्ण’पासून आलेले मराठी ‘पान’ यांचा उच्चार तंतोतंत जुळूनही त्यांच्यात काहीही नाते नाही.

याच पोर्तुगीज-जपानी भेटीतून एक मोहक गैरसमजही जन्माला आला. पोर्तुगीज माणूस आभार मानताना ‘ओब्रिगादो’ म्हणतो आणि जपानी माणूस ‘आरिगातो’ म्हणतो; अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक आणि इतिहासात दोघांची गाठ पडल्याची पक्की नोंद, त्यामुळे जपान्यांनी हा शब्द पोर्तुगिजांकडून उचलला असे मानण्याचा मोह टाळणे अवघड जाते. परंतु ‘आरिगातो’ हे ‘आरिगाताशी’ या जुन्या विशेषणाचे रूप असून ते ‘असणे’ आणि ‘कठीण’ या अर्थाच्या दोन शब्दांनी बनले आहे. जे असणे कठीण ते दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून कृतज्ञतेस पात्र, असा त्याचा अर्थ पालटत गेला. इ. स. १०००च्या सुमारास सेइ शोनागोन या राजदरबारातील लेखिकेने आपल्या ‘माकुरा नो सोशी’ या ग्रंथात दुर्मीळ गोष्टींची एक यादी दिली आहे आणि त्या यादीच्या शीर्षकात हाच शब्द वापरला आहे. पहिले पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले ते १५४३ मध्ये, म्हणजे त्यानंतर पाच शतकांहूनही अधिक काळाने. ‘ओब्रिगादो’चे मूळ तर ‘बांधलेला’, म्हणजे उपकाराने बांधला गेलेला, या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. दोन्ही शब्दांचे जन्मदाखले उपलब्ध असल्यामुळेच हा वाद मिटतो; नुसत्या कानावर विसंबून तो मिटला नसता.

अशा योगायोगाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. क्वीन्सलँडच्या उत्तर भागात म्बाबराम नावाची एक आदिवासी भाषा बोलली जात असे. तिचे शब्द आखूड आणि शेजारच्या भाषांहून इतके निराळे वाटत की ती बोलणाऱ्यांचा वंशच वेगळा असावा, असेही काही अभ्यासकांनी सुचवले होते. १९६०च्या दशकात रॉबर्ट डिक्सन या भाषाशास्त्रज्ञाने अल्बर्ट बेनेट या वृद्ध भाषकाकडून तिचे शब्द टिपायला सुरुवात केली, तेव्हा कुत्र्याला काय म्हणतात या प्रश्नाचे उत्तर ‘डॉग’ असे आले. इंग्रज वसाहतींनी वेढलेल्या प्रदेशात हे उत्तर ऐकून कोणीही हा शब्द इंग्रजीतून उसना घेतला, असेच मानले असते. डिक्सन यांनी मात्र शेजारच्या भाषांकडे पाहिले, तेव्हा यिदिन्य भाषेत कुत्र्याला ‘गुदगा’ आणि द्यिरबल भाषेत ‘गुदा’ म्हणतात हे त्यांच्या ध्यानात आले. म्बाबराममध्ये शब्दांचे पहिले अक्षर गळून पडले होते, ते गळणारे अक्षर ‘ग’ने सुरू होत असेल तर पुढच्या अक्षरातील ‘अ’चा ‘ओ’ झाला होता, आणि अखेरचा स्वरही नाहीसा झाला होता. ‘गुदगा’ला हे बदल लावले की जे उरते ते ‘डॉग’. हेच नियम त्या भाषेतील इतर शब्दांनाही लागू पडत असल्यामुळे तिचे शेजारणींशी असलेले खरे नाते उघड झाले आणि वेगळ्या वंशाच्या कल्पनेला तिच्या शब्दांतून मिळणारा आधार संपला. या उदाहरणाचे मोल त्यातील गमतीत नाही. एका शब्दाच्या दिसण्यावरून भाषा इंग्रजीची ऋणी ठरत होती, आणि इतर शब्दांच्या न दिसण्यावरून तीच भाषा परकी ठरत होती. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते आणि दोन्ही एकाच पद्धतीने दुरुस्त झाले.

असे जुळून येणे विलक्षण वाटते, पण साधा हिशेब केला तर ते घडले नसते तरच नवल होते. एखाद्या भाषेत शब्दाच्या आरंभी आणि शेवटी येऊ शकणारी प्रत्येकी दहा व्यंजने आणि मध्ये येणारे पाच स्वर एवढीच सामग्री धरली, तर व्यंजन, स्वर, व्यंजन या साच्याचे ५०० उच्चार तयार होतात. अशा दोन भाषांतील समान अर्थाच्या एक हजार शब्दांची तुलना केली, तर कोणताही संबंध नसताना सरासरी दोन जोड्या तंतोतंत जुळतील. आता तुलना करणाऱ्याने थोडी सवलत घेतली, म्हणजे ‘प’ आणि ‘ब’ किंवा ‘त’ आणि ‘द’ एकच मानले आणि स्वरांकडे दुर्लक्ष केले, की वेगळे साचे फक्त २५ उरतात आणि जुळणाऱ्या जोड्या दोनांवरून ४० वर जातात. अर्थाच्या बाबतीतही अशीच सवलत घेतली, म्हणजे ‘नदी’ची जोडी ‘पाणी’, ‘वाहणे’ किंवा ‘नाव’ यांच्याशी लावायला हरकत नाही असे ठरवले, तर यादी कितीही लांबवता येते. जगात सुमारे सात हजार भाषा आहेत आणि त्यांच्या जोड्या जवळपास अडीच कोटी होतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘डॉग’सारखा योगायोग कुठे ना कुठे सापडणारच होता हे पटते.

भाषा एकाच कुळातील असल्या तरी त्यांतील सारखा दिसणारा प्रत्येक शब्द नात्यातला असतोच असे नाही. ‘बदनाम’, ‘बदफैली’ यांमध्ये असलेला फारसी ‘बद’ आणि इंग्रजीतील ‘बॅड’ हे दोन्ही ‘वाईट’ याच अर्थाचे आहेत, आणि फारसी व इंग्रजी या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणजे ज्या कुळात संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि मराठीही येतात त्या कुळातल्या आहेत. तरी फारसी शब्दाचा माग मागे मागे काढला तर मध्ययुगीन फारसीत तो ‘वद’ असा होता आणि त्याच्या आरंभी ‘ब’ नव्हताच. इंग्रजी शब्द मात्र तेराव्या शतकाच्या आसपास ‘ब’सह प्रकट होतो. यात एक महत्त्वाची कसोटी दडलेली आहे. खरे नाते असलेले शब्द काळाच्या उलट दिशेने जाताना एकमेकांच्या जवळ येतात, आणि योगायोगाने सारखे झालेले शब्द त्याच दिशेने जाताना एकमेकांपासून दूर होतात.

यानंतरही एक शब्दसमूह उरतो, ज्याचे साम्य नात्याने आलेले नाही, उसनवारीने आलेले नाही आणि योगायोगानेही आलेले नाही. ‘मामा’ हा त्यातील मुख्य शब्द. मराठीत मामा म्हणजे आईचा भाऊ. चिनी आणि स्वाहिली भाषांत, अँडीज पर्वतातील केचुआ भाषेत आणि युरोपातील अनेक भाषांत तोच उच्चार आईसाठी आहे. आणि कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. जॉर्जियन भाषेत आईला ‘देदा’ म्हणतात, आणि हा शब्द तिथे इतका प्रतिष्ठित आहे की राजधानीला ‘आईशहर’ आणि पृथ्वीला ‘आईमाती’ अशा अर्थाचे शब्द त्यापासूनच बनले आहेत. इयाकोब गोगेबाश्विली यांनी १८७६ मध्ये काढलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या बालबोध पुस्तकाचे नाव ‘देदा एना’, म्हणजे मातृभाषा, असे आहे. सर्बियन भाषेत मात्र ‘देदा’ म्हणजे आजोबा. ‘बाबा’ हा उच्चार मराठीप्रमाणेच तुर्की, स्वाहिली आणि योरुबा या भाषांत वडिलांना आहे, तर रशियनमध्ये तो बाईमाणसाला आणि जपानीत म्हातारीला आहे. मराठीतील ‘दादा’ थोरला भाऊ, स्वाहिलीतील ‘दादा’ थोरली बहीण, आणि स्वाहिलीत थोरल्या भावाला शब्द आहे तो ‘काका’.

या गोंधळामागील नियम रोमान जेकब्सन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मांडला. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून आई आणि वडील यांच्यासाठीचे १,०७२ शब्द गोळा केले होते. त्यांपैकी आईच्या शब्दांत ५५ टक्के ठिकाणी ‘म’, ‘न’ यांसारखी अनुनासिके, म्हणजे नाकातून हवा सोडून उच्चारली जाणारी व्यंजने होती, आणि वडिलांच्या शब्दांत ती फक्त १५ टक्के ठिकाणी होती. जेकब्सन यांचे स्पष्टीकरण असे की, स्तनपान करणाऱ्या बाळाचे तोंड भरलेले असते तेव्हा त्याला फक्त नाकावाटे गुणगुणता येते. पुढे भूक लागली, दूध दिसले किंवा दूध देणारी व्यक्ती हवी झाली की ते बाळ तोच आवाज काढते, आणि तोंड मोकळे असल्यामुळे त्याला ओठांची उघडझाप आणि ‘आ’ हा सर्वांत मोकळा स्वर जोडला जातो. बाळाला यातून कोणाचे नाव घ्यायचे असते असे नाही. त्या आवाजात आपले नाव ऐकतात ते भोवतालचे मोठे लोक, आणि त्याला भाषेत कायमचे स्थान देतात तेही तेच. मराठी घरांतील बाळबोलीत जेवणाला ‘मंमं’ म्हणतात आणि ‘पापा’ म्हणजे मुका, ही गोष्ट या स्पष्टीकरणाशी जुळते, कारण इथे तेच आवाज अजून अन्नाशी आणि मायेशी बांधलेले आहेत, व्यक्तीशी नाहीत. कोणता आवाज कोणत्या व्यक्तीला द्यायचा याचा निर्णय प्रत्येक समाजाने आपापला घेतला, आणि जॉर्जियन लोकांनी तो बहुसंख्यांच्या उलट घेतला, एवढाच त्याचा अर्थ. जपानीत आईला ‘हाहा’ म्हणतात. त्या भाषेतील आजचा ‘ह’ पुष्कळदा जुन्या ‘प’पासून आलेला असल्यामुळे हा शब्द एके काळी ‘पापा’ असा उच्चारला जात होता, हे कळल्यावर जॉर्जियन उदाहरण एकटे राहत नाही.

म्हणूनच भाषांचे नाते सिद्ध करताना आई-वडिलांची ही नावे पुराव्यातून वगळावी लागतात. मात्र मराठी ‘मामा’च्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा पुरावा उपलब्ध आहे, आणि तो ध्वनीत नसून लग्नाच्या रीतीत आहे. तमिळ आणि तेलुगू या द्राविडी भाषांत ‘मामा’ हा शब्द आईच्या भावाप्रमाणे सासऱ्यालाही लागतो, कारण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत त्या समाजांत रूढ आहे आणि त्यामुळे मामाच सासरा होतो. मराठी घरांत सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणत आली, तेही याच व्यवस्थेचे चिन्ह आहे; कन्नडमध्येही ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासू दोन्ही. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्राचे स्थान उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील नातेव्यवस्थांच्या मधोमध दाखवले आहे. ‘मामा’ हा उच्चार जगात कुठेही आपोआप उपजू शकतो, पण ‘सासरा’ हा अर्थ त्याला आपोआप येत नाही, आणि म्हणून इथे अर्थाची ठेवण उच्चारापेक्षा अधिक विश्वासार्ह साक्षीदार ठरते.

इतक्या सावधगिरीची गरज महाराष्ट्रात विशेष आहे, कारण इथल्या वाचकांपुढे उच्चारसाम्यावर उभारलेले इतिहास वारंवार आले आहेत. पु. ना. ओक यांनी ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’ असे प्रतिपादन केले आणि ते पुष्कळांना पटलेही. परंतु रोमनांच्या लॅटिनमध्ये हे त्या टेकडीचे आणि परिसराचे नाव ख्रिस्ती धर्म तेथे पोहोचण्यापूर्वीपासून होते, आणि संस्कृत ‘वाटिका’ तेथवर कशी गेली याचा कोणताही टप्पा दाखवता येत नाही. स्वभाषेचे पूर्वज थोर असावेत ही भावना समजण्यासारखी आहे. संस्कृतचे या शास्त्रातील स्थान मात्र अशा जुळवाजुळवीपेक्षा फार मोठे आहे, कारण तुलनात्मक भाषाशास्त्राला गती मिळाली ती युरोपीय विद्वानांना संस्कृतची ओळख झाल्यामुळेच. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले तेव्हा त्यांचा भर सुट्या शब्दांवर नव्हता. धातू आणि व्याकरणाची रूपे यांतील साम्य योगायोगाने येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

पुढच्या शतकात या मुद्द्याला ध्वनिनियमाचे रूप मिळाले. ध्वनिनियम म्हणजे एका भाषेतील विशिष्ट ध्वनीच्या जागी नात्यातील दुसऱ्या भाषेत ठराविक दुसरा ध्वनी येणे, आणि तो एका शब्दात नव्हे तर शब्दामागून शब्दात येणे. संस्कृतातील ‘श’च्या जागी इंग्रजीच्या कुळात ‘ह’ येतो, म्हणून ‘शत’ला ‘हंड्रेड’ आणि ‘श्वन्’ला ‘हाउंड’. संस्कृतातील ‘द’च्या जागी तिथे ‘त’ येतो, म्हणून ‘द्वि’ला ‘टू’, ‘दन्त’ला ‘टूथ’ आणि ‘दश’ला ‘टेन’. ‘श्वन्’ आणि ‘हाउंड’ एकमेकांसारखे मुळीच ऐकू येत नाहीत, तरीही ते सगोत्र शब्द आहेत, म्हणजे एकाच पूर्वज शब्दाची दोन रूपे आहेत. याहून टोकाचे उदाहरण आर्मेनियन भाषेतील आहे. तेथे दोनला ‘एर्कु’ म्हणतात आणि फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ अंत्वान मेये यांनी तो शब्द ‘द्वि’चाच भाऊबंद असल्याचे दाखवून दिले, आरंभीच्या ‘द्व्’च्या जागी आर्मेनियनमध्ये ‘एर्क्’ येते, आणि तसे ते ‘लांब’ व ‘भिणे’ या अर्थाच्या शब्दांतही आले आहे.

मराठीला हीच पद्धत लावण्याचे काम ज्यूल ब्लोक या फ्रेंच विद्वानाने १९२० मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले, आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६च्या ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’ने शब्दांच्या मुळांचा हा शोध मराठी वाचकांच्या हाती दिला. संस्कृतातील जोडाक्षर प्राकृतात एकजीव होऊन दुहेरी व्यंजन बनते, मराठीत ते पुन्हा एकेरी होते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो, हा त्यातील एक पायाभूत नियम आहे. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’. ‘हस्त’, ‘हत्थ’, ‘हात’. ‘अद्य’, ‘अज्ज’, ‘आज’. ‘चक्र’, ‘चक्क’, ‘चाक’ अशी उदाहरणे कोणाही वाचकाला स्वतः ताडून पाहता येतील. याच नियमाने ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि मग ‘काम’ झाले, आणि इच्छा या अर्थाचा ‘काम’ हा शब्द मराठीत संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला होताच. म्हणून ‘कामकाज’ आणि ‘कामदेव’ या दोन शब्दांतील पहिली दोन अक्षरे आज एकच दिसत असली तरी त्यांतील एकाचे मूळ ‘करणे’ या धातूत आहे आणि दुसऱ्याचे ‘इच्छिणे’ या धातूत.